साडूंची बरोबरी

हिंगोलीच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी कापूस तोलणारा कारकून म्हणून नोकरीला लागलो, पण पहिली दोन वर्षं माझा हात काट्याला लागला नाही. मला ठेवलं होतं हॉकी खेळायला. माझ्यासारखा कुणी नावापुरता फिटर होता, कुणी गुदामावरचा मुकादम, कुणी फाटकावरचा जमादार. पगार सगळ्यांना मिळायचा तो खेळण्याचा. माझं नुकतंच लग्न झालं होतं. संध्याकाळी घरी येऊन मी पाय चोळत बसलो की बायको विचारायची, "आज काय काम केलं?"

"पळलो."

"कशाच्या मागं?"

"चेंडूच्या."

ती म्हणायची, "माझ्या बापाला सांगू नका."

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. राज्य निजामाचं. फौजेची जुनी छावणी गावातून कधीच उठून गेली होती, पण जाताना परेडचं मैदान आणि हॉकीचं वेड मागं ठेवून गेली होती. आमचे कप्तान त्याच छावणीत खोगिरं शिवणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. वय चाळिशीचं, दाढी मेंदीनं लाल केलेली, चाल मात्र चित्त्याची. गोलकीपर जवळच्या एका तांड्यावरचा. त्याच्या आजा-पणजानं मालाचे बैल देशोदेशी हाकले होते. अंगावर धावून येणाऱ्या कशापुढूनही बाजूला व्हायचं नाही, एवढं शिक्षण त्याला घरातूनच मिळालेलं. लेफ्ट-इनला मी. परभणीच्या शाळेत मी परीक्षा सोडून बाकी सगळं मन लावून केलं होतं, त्यातच हॉकी होती.

मालकांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मैदानाची काळी माती भेगाळली, चेंडू उड्या मारतो, अशी तक्रार आम्ही केली तेव्हा ते म्हणाले, "विलायतेत बर्फावर हॉकी खेळतात म्हणे. ते लोक न्हाई रडत. तुमाला मातीवर काय होऊन राहिलं?"

त्यांनी संघ काढला तो साडूमुळं. मालकांचे साडू वाशिमला असायचे. त्यांचीही जिनिंग होती आणि त्यांनी आधीच हॉकीचा संघ पाळला होता. धाकट्या मेहुणीच्या लग्नात दोघं साडू बैठकीवर आले, तेव्हा गादीवर लोड एकच होता. तो वाशिमवाल्यांनी पाठीशी घेतला. झालं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद, जाणं-येणं बंद. आपल्याकडेही संघ पाहिजे आणि त्यानं वाशिमला लोळवलं पाहिजे, हा मालकांचा ध्यास. यात कुणाच्याच ध्यानात न आलेली गोष्ट एवढीच की, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी होत्या आणि त्या लग्नापासून त्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. मधे रेल्वेची चार-सहा स्टेशनं, पण जायला कारण नाही.

दसरा झाला, कापसाच्या गाड्या लागल्या आणि आमचा हंगाम सुरू झाला. पहिली मॅच वाशिमला. मालकीणबाईंनी सोबत यायचं म्हटलं तर मालक म्हणाले, "बायकांचं तिथं काय काम?" गोलकीपरच्या पॅडांची मोठी पिशवी मालकांच्या घरी असायची, ती मात्र बाईंनी स्वतःच्या हातानं भरून स्टेशनवर पाठवली.

कनेरगाव नाक्याला निजामाची हद्द संपायची आणि वऱ्हाड लागायचं. तिथं करोडगिरीचा जमादार जकातीच्या मालासाठी डबे तपासायचा. मालक पुढच्या चांगल्या डब्यात, आम्ही मागं. जमादारानं आधी काठ्या हाताळल्या, मग पॅडांच्या पिशवीत हात घातला आणि आतून एक हिरवं लुगडं ओढून काढलं.

"गोलकीपर काय लुगडं नेसून खेळतो का?" त्यानं विचारलं.

आम्ही सगळे गोलकीपरकडं बघायला लागलो. तो खिडकीतून आभाळाकडं बघत होता.

कप्तानसाहेब शांतपणे म्हणाले, "जनाब, गोलच्या मागं जाळी लागती. आमची फाटली. लुगडं बांधतो."

जमादारानं पिशवीतून एक पितळी डबा काढून उघडला. "आन् या कुरडया?"

"हाफटाइमला."

जमादारानं आणखी खोल हात घातला आणि एक झालरीचं टोपडं वर आलं. तान्ह्या लेकराचं. आता मात्र कप्तानसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "चेंडूला घालतो," ते म्हणाले, "थंडीचे दिवस हायेत."

जमादार इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. मूठभर कुरडया घेऊन तो उतरून गेला. गाडी हलल्यावर आम्ही गोलकीपरला घेरलं. "बाईंच्या बहिणीला लेकरू झालं," तो म्हणाला. "मालकाला पत्ता न्हाई. मागच्या दारानं पोचवायचं हाय."

त्यानं ते पोचवलं आणि मग गोलात उभा राहिला. ती मॅच आम्ही जीव तोडून खेळलो, हे शपथेवर सांगतो. त्यांनी एक गोल केला, मग मी एक केला. वाशिमचे स्टेशनमास्तर अंपायर होते. एक-एक अशी बरोबरी असतानाच मालगाडीची वेळ झाली, तशी त्यांनी शिट्टी मारली आणि तीच शिट्टी तोंडात धरून ते स्टेशनाकडं चालते झाले. मैदानाच्या दोन टोकांना दोन साडू उभे होते. एकमेकांशी बोलायचं नव्हतं म्हणून वाशिमच्या साडूंनी आमच्या मालकांना ऐकू जाईल असं आपल्या मुनिमाला सांगितलं, "निकाल लागला न्हाई म्हणा. आमी हिंगोलीले येतो म्हणा."

दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंचा कप्तानसाहेबांना निरोप आला. एकट्यानं कसं जावं म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. मागच्या पडवीत पाट मांडले होते. ताटात धपाटे, लोणी, तिळाची चटणी. बाई दाराआड उभ्या राहून बोलत होत्या.

"कप्तानसाहेब, बराबरी झाली म्हणून पुन्हा मॅच हाय, व्हय ना?"

"व्हय, बाईसाहेब."

"आन् निकाल लागला असता तर?"

"तर किस्सा खतम. जिंकला तो जिंकला."

बाईंनी चटणीची वाटी पुढं सरकवली. मग त्यांनी विचारलं, "मग तो लागलाच पाहिजे का?"

कप्तानसाहेबांच्या हातातला घास तसाच राहिला. "बाईसाहेब, ये खेळ हाय. निकालासाठीच खेळतात."

"साडूसाहेब इकडं येणार म्हणल्यावर माझी बहीण बी येऊन राहिली," बाई म्हणाल्या. "लेकरू घेऊन. चार वरसं झाली मी तिला पाहिलं न्हाई." त्यांनी परात पुढं ओढली. "आणखी एक धपाटं वाढू का?"

बाहेर पडल्यावर कप्तानसाहेब फाटकाशी थांबले. मग म्हणाले, "हारायचं न्हाई. मालकाचं मीठ खाल्लं. जिंकायचं बी न्हाई. बाईचे धपाटे खाल्ले."

हिंगोलीच्या मॅचला मैदानाच्या कडेला बायकांसाठी कापडाची कनात लावली होती. तिच्या मागून सारखा बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज यायचा, मधेच लेकरू रडायचं. दोघी बहिणींनी खेळाकडं एकदाही पाहिलं नसावं. आम्ही जपून खेळत होतो, पण दुसऱ्या हाफमध्ये माझं नशीब फिरलं. चेंडू आपणहून माझ्या काठीशी आला. पुढं मोकळं मैदान, त्यांचा गोलकीपर भलतीकडं. नुसता ढकलला तरी गोल. मी डोळे मिटून असा काही फटका मारला की, चेंडू थेट पलीकडच्या तुरीत गेला. मालकांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला. तेवढ्यात वाशिमचा फुलबॅक माझ्या जवळून जाताना खालच्या आवाजात म्हणाला, "शाब्बास, भाऊ."

मी चमकून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं एक डोळा मिचकावला. "आमच्या बाईनं बी जेवू घातलं," तो म्हणाला.

दोघी बहिणींनी एकमेकींना विचारलं सुद्धा नव्हतं. एकाच आईच्या लेकी, आणखी काय!

मग काय विचारता! हंगामभर आगगाडीनं आम्ही वाशिमला आणि ते हिंगोलीला. शून्य-शून्य, एक-एक, एकदा तर फारच रंगात येऊन तीन-तीन. चेंडू तुरीत गेला की दोन्ही संघ मिळून शोधायला जायचे आणि शेंगा खाऊन परत यायचे. आमच्या गोलकीपरला वाशिमकरांची इतकी दया यायची की, त्यांचा बॅक दमलेला दिसला तर तो लांबून ओरडायचा, "बस जरा, आमी न्हाई येत तिकडं." साडू बायकोला घेऊन येतात म्हटल्यावर मालकांनाही मागं राहवेना, तेही आमच्या बाईंना वाशिमला न्यायला लागले. दर खेपेला बहिणी भेटायच्या, डबे इकडून तिकडं जायचे. मालकांना वाटलं, आमच्यात ताकद कमी पडून राहिली. त्यांनी खुराक वाढवला. दूध, खारका, बदाम. लेफ्ट-आउट इतका सुटला की, त्याला नवी चड्डी शिवावी लागली. माझी बायको म्हणाली, "ही नोकरी सोडू नका."

पण वाशिमच्या साडूंना थांबवेना. त्यांनी गुपचूप कामठीहून एक सेंटर-फॉरवर्ड पगारावर आणला. पलटणीत खेळलेला, सडसडीत, मिशीला पीळ. होळीच्या आधी वाशिमला मॅच होती. त्याच दिवशी सकाळी तो गाडीतून उतरला आणि सरळ मैदानावर आला. त्यामुळं जेवण घालून समजूत काढायला त्यांच्या बाईंना वेळच मिळाला नाही.

खेळ सुरू करणारी बुली झाली आणि हा पठ्ठ्या सुटला. आमच्या तीन जणांच्या पायांतून चेंडू काढून त्यानं गोल केला. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. थोड्या वेळानं त्यानं दुसरा केला. आमच्या गोलकीपरनं खरंच अडवायचा प्रयत्न केला होता, त्याच्या नडगीवर टेंगूळ आलं. कनातीमागचं हसणं थांबलं.

हाफटाइमला कप्तानसाहेब म्हणाले, "आता खरं खेळावं लागतं, भाई." पण हंगामभर बदाम खाऊन खरं खेळायचं आम्ही विसरलो होतो. धावता धावता धाप लागायची. तेव्हा वाशिमकरच मदतीला धावून आले. त्यांच्या हाफनं चेंडू नेमका माझ्या काठीवर आणून दिला. फुलबॅक बाजूला झाला. गोलकीपर बुटाची नाडी बांधायला खाली बसला. मी गोल केला. कामठीवाला कमरेवर हात ठेवून ओरडला, "अबे, तुम किसकी तरफ से खेल रहे हो?"

"मालकिणीच्या," त्यांचा फुलबॅक प्रामाणिकपणे म्हणाला.

ते काही त्याला उमगलं नाही. तो पुन्हा चेंडू घेऊन निघाला, तेव्हा त्याच्याच संघातल्या दोघांनी त्याला मिठी मारल्यासारखं करून आडवा केला. स्टेशनमास्तरांना हे कुणाविरुद्धचं फाऊल धरावं ते समजेना. त्या गोंधळात आमच्या लेफ्ट-आउटनं त्या पोटासकट जाऊन दुसरा गोल केला. दोन-दोन. तेवढ्यात लांबून इंजिनाची शिट्टी आली आणि मास्तरांनी आपली फुंकली.

कामठीवाल्यानं काठी जमिनीवर आपटली आणि तडक आपल्या शेठजींपाशी जाऊन त्यानं सगळं सांगितलं. वाशिमचे साडू लाल झाले. तिकडून आमचे मालकही तावातावानं निघाले होते, कारण शेवटचा गोल बघून त्यांनाही संशय आला होता. मैदानाच्या मधोमध दोघं समोरासमोर आले.

"हे माझे लोक तुमच्याशी फितूर हायेत!" वाशिमचे साडू गरजले.

"आन् माझे तुमच्याशी!" मालक गरजले.

मग दोघंही थबकले. इतक्या वर्षांत थेट एकमेकांना उद्देशून उच्चारलेलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं असावं. तेवढ्यात कनात बाजूला सारून मालकीणबाई बाहेर आल्या, कडेवर बहिणीचं लेकरू, त्याच्या डोक्यावर तेच झालरीचं टोपडं. लेकरानं आमच्या मालकांची मिशी धरली.

"हे कोण?" मालकांनी विचारलं.

"तुमच्या साडूचं," बाई म्हणाल्या. "पोळ्या गार होऊन राहिल्या. भांडायचं आसंल तर जेवून भांडा."

ते जेवले. भांडलेही, पण एकमेकांशी नाही. दोघांनी मिळून आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून मनसोक्त शिव्या दिल्या. एक शिवी देऊन थकला की दुसरा पुढची द्यायचा. शिव्या देता देता त्यांची इतकी गट्टी जमली की, जाताना त्यांनी ठरवून टाकलं, दोन्ही संघ मिळून एकच करायचा आणि अकोल्याच्या स्पर्धेत उतरवायचा. आता निकाल लागल्याशिवाय राहत नाही, असं दोघं म्हणाले.

ते खरंच झालं. अकोल्यात आम्ही प्रथमच सगळ्या ताकदीनिशी जिंकायला खेळलो आणि आपल्याला किती हॉकी येते ते तासाभरात समजलं. नऊ-शून्य. कामठीवाला तर रडला. परतीच्या गाडीत मालक आणि त्यांचे साडू एका बाकावर बसून एकमेकांची समजूत घालत होते. पुढच्या बायकांच्या डब्यात दोघी बहिणी होत्या. एका स्टेशनवर मालकीणबाईंनी कप्तानसाहेबांना खिडकीशी बोलावलं. हरलो म्हणून बोलणी खावी लागणार, असं आम्हाला वाटलं.

"कप्तानसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "अमरावतीला मॅचा होत न्हाईत का? तिथं आमची मावशी ऱ्हाते."

पुढच्या हंगामात आम्ही अमरावतीला गेलो. मावशी सुगरण निघाली. आम्ही पाच-शून्यनं हरलो आणि चार दिवस राहिलो. मग महायुद्ध सुरू झालं, संघ मोडला आणि जो तो नावापुरत्या हुद्द्यावर खरोखरीच कामाला लागला. मी काट्यावर बसलो तेव्हा माझ्या बायकोनं पहिल्यांदा आपल्या बापाला मोकळेपणानं सांगितलं, की जावई कापूस तोलतात.