पुढची अक्का

निपाणीच्या परसूला बेंगळुरात लोकांच्या चुका शोधायचा पगार मिळतो. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत तो टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे फाटतं ते उकरून सांगायचं आणि मग त्यांच्याच शेजारी बसून डबा खायचा. स्वभावाला साजेसं काम मिळालंय, असं त्याची बायको पवित्रा म्हणायची. ती संकेश्वरची. टोमण्यांच्या बाबतीत ते गाव निपाणीला ऐकत नाही.

त्यांचा सुरज सहा वर्षांचा असताना जिना चढताना मांडीवर हात टेकायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि नजर कागदात घातली. स्नायू हळूहळू निकामी होत जातात. आधी चालणं थांबतं, मग बाकीचं एकेक. वेग थोडाफार रोखता येतो, इतकंच. घरी येऊन परसूने ते नाव नेटवर टाकलं. जे समोर आलं ते वाचून पवित्राने सरळ लॅपटॉप मिटवला.

पण परसू उकरणारा माणूस. त्याला एक जुनाट साइट सापडली. तिथे माणसं कामाच्या पानांच्या लिंका साठवतात आणि प्रत्येकीवर एखादा शब्द डकवतात. त्याला टॅग म्हणायचं. सगळं सगळ्यांना खुलं. टॅगवर बोट ठेवलं की तोच शब्द डकवणाऱ्या जगभरच्या लोकांच्या लिंका एकीखाली एक उतरतात, नव्या वर, जुन्या तळाला. परसूने आजाराच्या नावावर बोट ठेवलं, आणि त्या गर्दीत एक नाव पुन्हा पुन्हा दिसू लागलं: मल्लिगे४१.

मल्लिगे म्हणजे कन्नडमध्ये मोगरा. म्हणजे बाई असणार आणि इकडचीच असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं. तिच्या लिंका तळापासून वर वाचत आलं की कळायचं, तिचा मुलगा सुरजहून सहा-सात वर्षांनी मोठा. आधी रात्री पायाला बांधायच्या पट्ट्या, मग शाळेकडे तळमजल्यावरचा वर्ग कसा मागावा, मग व्हीलचेअर आत जाते अशी थेटरं. साइटवर बोलायची सोय नव्हती. पण सीमाभागातल्या माणसाला नातं लावल्याशिवाय चैन पडत नाही. पवित्रा तिला पुढची अक्का म्हणू लागली. त्याच वाटेवर आपल्या पुढे चालणारी थोरली बहीण.

पट्ट्या अक्काच्या पसंतीच्या आल्या, व्यायाम अक्काचे सुरू झाले. परसू मारतहळ्ळीच्या घरी पोचला की चहाच्या आधी चौकशी, अक्कानं आज काय ठेवलंय. एका दिवाळीत पवित्राने त्याच टॅगखाली कुंदा या बेळगावी मिठाईच्या पाककृतीची लिंक ठेवली. परसू म्हणाला, जगभरचे आईबाप औषध समजून दूध आटवत बसतील. पुढच्या आठवड्यात अक्कानेही तीच लिंक आपल्याकडे ठेवून घेतली. अक्कानं फराळाचा डबा घेतला, असं पवित्रा शेजारणीला सांगून आली.

गेल्या पंचमीला पवित्रा सुरजला घेऊन माहेरी गेली होती. तेव्हा अक्काची एक लिंक आली, वापरलेली व्हीलचेअर दान कुठे करावी. नवी घेतली असेल, असं परसूने स्वतःला समजावलं. पाठोपाठ दुसरी आली, श्वासाचं यंत्र परत कसं द्यावं. मग एक शेवटची. फोनमधला माणसाचा आवाज कायमचा कसा जपून ठेवावा.

त्यानंतर काही नाही.

परसू ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, प्रोजेक्ट बोंबललं असेल.

पवित्राची सगळी उमेद त्या न पाहिलेल्या पोराच्या खांद्यावर होती. तिला सांगायचं कसं? परसूने मल्लिगे४२ नावाचं खातं काढलं. पवित्रा परतल्यावर म्हणाला, अक्का पासवर्ड विसरली बहुतेक, नवं खातं काढलंय. या शहरात पासवर्ड विसरण्याइतकं नित्याचं काही नाही, त्यामुळे तिला ते लगेच पटलं. तोवर त्याने वर इतक्या लिंका रचल्या होत्या की जुन्या पार खाली गेल्या होत्या.

आणि मग एकेक लिंक ठेवत तो त्या गेलेल्या पोराला वाढवू लागला. त्याला बुद्धिबळाच्या स्पर्धेला नेलं. दहावीला लेखनिक बघून दिला. पोरगं कॉलेजला जायचं म्हणतंय, असं पवित्रा कौतुकाने शेजारी सांगायची. सुरजचे व्यायाम तिने दुपटीने मनावर घेतले. टाच तळहातात धरून ताणत बसायची, स्वल्प अजून, स्वल्प अजून, करत. परसूलाही कधी कधी ते पोर खरं वाटायचं. कुठल्या कॉलेजात रॅम्प बरा आहे, हे तो जेवणाच्या सुट्टीत शोधत बसायचा.

या उन्हाळ्यात सुरज बाथरूमच्या दारात पडला, तो पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, हे व्हायचंच होतं. पवित्राने ते कानावर घेतलंच नाही. घरी आल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"अक्काचं पोर बारा वर्षांपर्यंत चाललं," ती म्हणाली. "पट्ट्या त्याच, व्यायाम तेच. ती त्याला कॉलेजात धाडायला निघाली. माझं नऊ वर्षांचं पोर बाथरूमपर्यंत जाईना."

परसू म्हणाला, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.

"शरीराचं काय सांगता? थंडीत मला ताप होता तेव्हा मी व्यायाम चुकवले. आळसच तो. अक्कानं नसते चुकवले."

लोकांच्या चुकांवर घर चालवणाऱ्या माणसाला तेव्हा आपली चूक दिसली. पोराच्या आजाराचा दोष त्याने बायकोच्या पदरात घातला होता, तोही स्वतःच्या हाताने, रोज थोडाथोडा.

"त्या लिंका अक्काच्या नाहीत," तो म्हणाला. "माझ्या आहेत. तिचं पोर पंचमीच्या सुमाराला गेलं असावं. मला तेव्हाच कळलं होतं."

त्याने फोन पुढे धरला आणि बोटाने खाली खाली सरकवत नेला. पवित्राने त्या तिन्ही लिंका वाचल्या. शेवटची तिने पुन्हा एकदा वाचली. आता ही आपल्याला सोलणार, असं परसूला वाटलं. सोललं असतं तर बरं झालं असतं.

"त्याचं नाव काय होतं हो?" तिने विचारलं.

परसूला माहीत नव्हतं. त्या पोराला त्याने दहावी केलं होतं, त्याच्यासाठी कॉलेजं पालथी घातली होती, पण नावावाचून कुठे अडलंच नव्हतं.

आतून सुरजने हाक मारली. त्याला गॅलरीत यायचं होतं. पवित्राने तोंडावरून पदर फिरवला आणि आत गेली. तिने काखेत हात घातले, परसूने पाय उचलले. दारातून नेताना सुरज म्हणाला, हळू, आणि दोघं थांबले.