माळ्यावर ठेवलेला कॉम्प्युटर

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसती वाचते, आणि खरं सांगायचं तर मजा बघायला वाचते. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... आणि मी खाली "झोप पूर्ण करा" अशी कॉमेंट टाकून पुढे जाणारी. आमचं घर निपाणीचं, बौद्ध. नवस, अंगारे, अंगात येणं हे सगळं आजोबांनीच उंबऱ्याबाहेर काढलेलं. आई हायस्कूलला विज्ञान शिकवायची. घरात काही खुट्ट वाजलं की म्हणायची, "भ्यायचं न्हाय, कारण शोधायचं." तेव्हा आता मी जे लिहिणार आहे त्यावर कुणी मला झोपेचा सल्ला दिला तर तो मुकाट घेईन. फक्त एवढंच — झोप झालेली होती, लख्ख दिवस होता, आणि बघायला मी एकटी नव्हते.

माझं काम छोट्या कारखान्यांची सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून द्यायचं. पुण्यातली नोकरी सोडून मी गावाकडे आले ती या एका हट्टापायी. पहिलं काम मिळालं ते बेळगावजवळ मच्छेच्या इंडस्ट्रियल एरियात, परशराम अण्णांच्या मशीन शॉपमध्ये. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला लागणारे छोटे भाग तिथे बनतात. अण्णा मूळचे खानापूरकडचे. सकाळी भाताच्या शेतात चक्कर मारायची आणि मग कारखान्यात यायचं, हा त्यांचा नेम.

अण्णांकडे सॉफ्टवेअर तीन होती. मशीनवाल्यांच्या टॅबवर एक, स्टोअरमध्ये दुसरं, बिलांसाठी तिसरं. एकच नग तीन ठिकाणी हाताने लिहायचा, आणि संध्याकाळी तिन्हींचे आकडे तीन. अण्णा म्हणायचे, "तीन सुना हायत घरात, एकमेकीशी बोलत न्हाईत." त्यांना बोलतं करायचं काम माझं.

घाई होती, कारण पुण्याची एक मोठी कंपनी अण्णांना वर्षभराची ऑर्डर द्यायला तयार होती. अट एकच. माल कुठे, किती, कोणत्या टप्प्यावर आहे, ते त्यांना त्या क्षणी दिसलं पाहिजे. त्यांच्या मॅडम बघायला येणार होत्या. पटलं तर ऑर्डर. नाही पटलं तर अण्णांना दुसरी शिफ्ट बंद करावी लागणार होती. आणि मलाही पुण्याच्या जुन्या साहेबांना फोन लावावा लागला असता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी एक प्रोग्रॅम लिहिला, तिन्हींच्या मधला पूल म्हणा. तो अण्णांच्या केबिनमधल्या एका जुन्या काळ्या कॉम्प्युटरवर बसवला. लक्षात घ्या — पूल फक्त तिथेच होता. तो कॉम्प्युटर चालू तर तिघी सुना बोलणार, बंद तर पुन्हा अबोला.

पूल टाकला आणि पहिल्याच दिवशी कोसळला. प्रत्येक मालाचा हिशोब एका नगाने चुकत होता. प्रत्येक! माझा कोड मी उलटापालटा करून पाहिला. शेवटी वैतागून रॅकवर गेले आणि डबे उघडून बघितले. स्टोअर सांभाळतात त्या अण्णांच्या थोरल्या बहीण, सुमनआक्का. त्यांच्या हिशोबात ज्याचा आकडा शून्य, त्या डब्याच्या तळाशी एक नग पडलेला. सगळ्या डब्यांत तसंच.

"आक्का, हा एक का मोजत नाही तुम्ही?"

"त्यो मोजायचा नसतोय गं. डबा रिता करायचा न्हाय. घरात तांदूळ सरलं तर सरलं म्हणतीस का तू? वाढलं म्हणतीस न्हवं?"

"अहो, पण कॉम्प्युटरला हे कळत नाही."

"मग शिकीव की त्येला. त्येच्यासाठीच आणलंय न्हवं तुला?"

माझं डोकं जाम तापलं. अण्णांकडे तक्रार केली, तर अण्णा दुसरीकडेच बघायला लागले. आक्कांपुढे त्यांची काय टाप! मग गुमान बसून सॉफ्टवेअरमध्ये नवी जागा उघडली, तिचं नाव ठेवलं "घर". प्रत्येक मालाचा एक नग घरात. तो विकायचा नाही, हलवायचा नाही. आणि काय सांगू, आकडे असे जुळले की बघत राहावं. मी आक्कांना स्क्रीन दाखवली. त्यांनी "व्हय, आता बरोबर हाय" म्हणून पास केलं.

मॅडम यायच्या दिवशी हायवेच्या कामामुळे माझी बस संकेश्वरच्या पुढे अडकली. मी पोचले तेव्हा त्यांची गाडी गेटातून आत येत होती. केबिनकडे फिरकायलाही वेळ मिळाला नाही, तशीच थेट मशीनवर गेले.

मॅडम बोलायला गोड, पण नजर पक्की. त्या म्हणाल्या, "तयार करून ठेवलेला डेमो नको. आत्ता मशीनवर जो नग आहे तो पूर्ण होऊ दे. तो मला स्टोअरमध्ये दिसला पाहिजे. मग तोच बाहेर काढा, आणि त्याचं बिल दाखवा."

मशीनवरच्या बसवराजने नग उतरवला, मापला, टॅबवर बोट टेकवलं आणि कानडीत म्हणाला, "आयतु मॅडम." झालं, म्हणजे. आम्ही सगळे आक्कांच्या स्क्रीनकडे वळलो. आकडा एकाने वाढला. आक्कांनी माल बाहेर काढल्याचं बटण दाबलं. आकडा उतरला, आणि माझ्या शेजारी उभ्या अण्णांच्या हातातल्या फोनवर बिल तयार होऊन आलं. मॅडमनी दुसऱ्या मालाचं करून बघितलं, तिसऱ्याचं बघितलं. एकदाही अडलं नाही. शेवटी रॅकमधला डबा स्वतः मोजला. बरोबर.

"मी मोठ्या कंपन्यांमध्ये इतकं सुरळीत पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. ऑर्डर मेलवर पाठवते म्हणून गेल्या. अण्णांचे डोळे भरले होते. बसवराजने मला टाळी दिली. मी तर हवेतच होते. इतका आनंद मला पुण्यात एकदाही झाला नव्हता.

तशी हवेतच केबिनमध्ये गेले, आणि कोपरा मोकळा. तिथे प्लास्टिकच्या फुलांची कुंडी.

"अण्णा, इथला कॉम्प्युटर?"

"त्यो काळा डबा व्हय? पावणं येणार म्हणून सकाळीच माळ्यावर टाकलाय की. स्क्रीन बी न्हवती त्येला. मला वाटलं मोडका हाय."

मी शिडी लावून वर चढले. कॉम्प्युटर पोत्याखाली, वायर गुंडाळून सुतळीने बांधलेली. हात लावला — थंडगार. मी तिथेच पोत्यावर बसले.

मग आईचं ऐकलं, कारण शोधायला लागले. पूल दुसरीकडे कुठे होता का? नाही. माझा लॅपटॉप बॅगेतून निघालेला नव्हता. कुणी हाताने नोंदी केल्या का? बिलांचा पासवर्ड फक्त अण्णांकडे, आणि अण्णा माझ्या शेजारी फोन नुसता धरून उभे होते. कॉम्प्युटर खाली आणून जोडला. त्याने केलेल्या कामाच्या शेवटच्या खुणा सकाळच्या, बंद करण्याआधीच्या. पण तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये मॅडमसमोरच्या नोंदी जशाच्या तशा, एकमेकींशी जुळणाऱ्या. नोंद कुणी केली तो रकाना कोरा. आणि तो कोरा राहूच शकत नाही, नाव नसेल तर सॉफ्टवेअर नोंद घेतच नाही! पुण्यातल्या माझ्याहून हुशार मित्राला दाखवलं. तो आधी हसला... नंतर दोन दिवस त्याने माझा फोन घेतला नाही. पुढे म्हणाला, "मला विचारू नकोस."

कॉम्प्युटर मुद्दाम बंद करून पुन्हा पुन्हा तसंच करून पाहिलं. बंद असला की काही म्हणता काही पुढे जात नाही. चालू केला की सगळं सुरळीत.

अण्णा म्हणाले, "गप्प बस की आता. जिंकलो न्हवं?"

पण मला ते गिळेना. जी गोष्ट मी चालवलीच नाही, तिच्यावर अण्णांनी माणसं कामाला ठेवायची? मी मॅडमना फोन लावला. तुमच्यासमोर जे चाललं ते कसं चाललं मला माहीत नाही, एवढं सरळ सांगितलं. अण्णा कपाळाला हात लावून खुर्चीत. मग मॅडम म्हणाल्या, "आत्ता व्हिडिओवर दाखवा. माल मी सांगते तो."

कॉम्प्युटर कॅमेऱ्यासमोर ठेवला, दिवा पेटलेला दाखवला, आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी चाललं ते माझंच चाललं, सगळ्या खुणांसकट. ऑर्डर त्याच संध्याकाळी आली. अण्णांनी दुसरी शिफ्ट बंद तर केली नाहीच, वर नवीन माणसं घेतली. आक्कांनी मला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं.

त्या दिवशी मधे कोण होतं, ते आजही मला माहीत नाही. आक्कांना विचारलं तर म्हणतात, "काम झालं न्हवं? मग आणि काय पायजे?" अण्णांनी मात्र ही गोष्ट चहाच्या गाड्यापासून देवळापर्यंत सगळीकडे सांगितली. परवा शेजारच्या शेडमधले एक मालक मला शोधत आले. खुर्चीवर बसले, इकडंतिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अण्णांकडं बंद कॉम्प्युटरवर चालतंय म्हणं. आम्हास्नी तसलंच बसवून द्या."

"तसलं मला येत नाही हो," मी म्हटलं. "मला फक्त चालू कॉम्प्युटरवरचं येतं."

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "बरं, आधी त्येच बसवा. उरलेलं मागनं बघू."

सोमवारपासून त्यांच्याकडे काम सुरू करतेय.