अस्तराचं पिंप

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी इकडे कन्नड मुलखात, चामराजपुरममधल्या आमच्या शेजाऱ्यांनी ओला कचरा कुजवण्यासाठी आणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपाला आतून अस्तर शिवलं. गोणपाट मापाने कापलं होतं, मशीनवर दुहेरी टीप घातली होती आणि पिंपाच्या काठाला जाड दोऱ्याने टाके मारले होते. सगळी गल्ली त्यांना शिंपीकाका म्हणते. जगातली प्रत्येक वस्तू मापात बसते, आणि बसत नसेल तर ती कोणीतरी चुकीची कापलेली असते, यावर इतका गाढ विश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

काकांचं दुकान, जिथे गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, तीन वर्षांपूर्वी बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान गेलं तरी गळ्यातली टेप गेली नाही. भाजी घ्यायला जातानाही ती असते, आणि दुधी घ्यायचा झाला तर काका त्याचा घेर मोजतात. माणसाकडे बघताना ते आधी खांदे बघतात. दुकान चालू होतं तेव्हाची गोष्ट, समोरच्या घरी मुलीला बघायला स्थळ आलं होतं तेव्हा शेजारधर्म म्हणून काकांनाही बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मुलाची नोकरी सांगून झाली, आणि कसा वाटला म्हणून विचारल्यावर काका म्हणाले, "पोरगा बरा आहे. डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. पॅड घातलं की दिसणार नाही." लग्न झालं. मुलाचा कोट काकांनीच शिवला, पॅड घालून. त्यांचा दुसरा नियम म्हणजे ट्रायल. ट्रायलशिवाय ते काहीच पक्कं मानत नाहीत. घराला रंग लावायचा ठरला तेव्हा रंगाऱ्याला त्यांनी एक भिंत रंगवायला लावली, दोन दिवस तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि मग म्हणाले, "काखेत आवळतोय." म्हणजे काय, ते रंगाऱ्याला कळलं नाही. मलाही नाही. पण रंग बदलला.

अंगणातल्या मल्लिगेला, म्हणजे मोगऱ्याच्या वेलाला, खत हवं म्हणून पिंप आलं. सुताराकडून त्याला चारी बाजूंनी गिरमिटाने भोकं पाडून घेतली, हवा खेळायला. मग काकांनी पिंप उन्हात आडवं घालून आतून पाहिलं. भोकांच्या कडा खरखरीत होत्या आणि त्यांतून माती सांडणार हे दिसत होतं. आतून असा कपडा त्यांनी जन्मात कोणाला दिला नव्हता. म्हणून अस्तर. झाकणालाही गोणपाटाचं, नाडीने आवळायचं. वाळका पाला, भाजीची देठं, शेण, ताक असं सगळं थराथराने भरून त्यांनी मला, म्हणजे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या शेजाऱ्याला, बोलावलं. "पेपरवाले, बघा. सुरकुती आहे कुठे?"

सुरकुती नव्हती. हवाही नव्हती. एकूण एक भोक अस्तराखाली झाकलं गेलं होतं. पंधरा दिवसांत पिंपाला असा वास सुटला की आमच्याकडे मागची खिडकी बंद ठेवावी लागली. काकूंनी तोपर्यंत पिंपाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या पदर नाकाला लावून अंगणात, काका आणि मी उभे होतो तिथे आल्या.

"एकादशीचं भजन औंदा आपल्याकडे आहे, ठाऊक आहे ना? सगळी मंडळी ह्याच नळावर पाय धुणार. तवर वास गेला तर पिंप राहील. नाही तर कचऱ्याच्या गाडीत. आयतु, संपलं."

"अगं, ट्रायल आहे ही."

"अय्यो, दुकान गेल्यावर तरी सुम्ने गप बसा की ओ!"

दुकान गेल्यापासून त्यांनी शिवलेली ही पहिलीच वस्तू होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी सुचवलं, अस्तर काढून टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. मग म्हटलं, भोकांसमोर अस्तराला कात्रीने भोकं पाडा. "दोरे सुटतील. कापडाला भोक नसतं, पेपरवाले. काज असतं." मग काजं करा, मी म्हणालो. यावर काकांनी टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळली. कापणं आणि मशीन काकांचं. काजं, बटणं, बारीक हातशिलाई घरी काकूंची, ही त्यांच्या घरातली जुनी वाटणी. सगळं आयुष्य शिवणात गेलं, पण काज काकांना येत नव्हतं. आणि आता ते मागायचं होतं त्यांच्याकडे, ज्या पिंप फेकायला निघाल्या होत्या.

कसं मागितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी अस्तर उसवलेलं, धुतलेलं दोरीवर होतं, त्यावर खडूने भोकांच्या खुणा होत्या, आणि काकू ओट्यावर चष्मा लावून बसल्या होत्या.

"वास जाईल म्हणताय?" मी विचारलं.

"जाईल की नाही, देव जाणे. पण ह्यांनी खुणा वाकड्या केल्यात, ते आधी सांगा ह्यांना."

काम चार दिवस चाललं. अस्तर पुन्हा बसलं, प्रत्येक भोकासमोर एक काज आलं. काकांनी वाळका पाला वाढवला आणि आठवड्यात वास मातीचा झाला.

एकादशीला मंडळी आली, नळावर पाय धुतले, कोणी नाकाला रुमाल लावला नाही. भजन संपल्यावर एक म्हातारे गायक, तेही शिंपीच, पिंपापाशी थांबले. झाकण उघडून त्यांनी अस्तराच्या काठाजवळच्या एका काजावरून अंगठा फिरवला.

"हे कोणी केलं? असं काज आता कोण करतंय!"

काकांनी शिवलेल्या प्रत्येक कपड्यावर काकांच्या नावाचं लेबल असे. त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"आमच्या मास्तरांनी," ते म्हणाले.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.