आजोबांची आपत्ती

मी डॉक्टर कशी झाले, हे तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलंत. क्रमाने सांगते.

इंदूर तेव्हा मध्यभारत राज्यात होतं. मी मॅट्रिक झाले, पण आमच्या मुलींच्या शाळेत सायन्स नव्हतंच. डॉक्टरीसाठी आधी इंटर सायन्स हवं, आणि त्या वर्गात मला घ्यायचं की नाही ते कॉलेजातले बायॉलॉजीचे प्रोफेसर ठरवणार होते. म्हणून सगळा उन्हाळा मी तयारी केली. शेजारच्या वकिलांकडून इंग्रजी पुस्तक आणलं. रोज सकाळी अंगणातली एक जास्वंद ब्लेडने उभी चिरायची, आतले भाग पाटीवर काढायचे, इंग्रजी नावं लिहायची. देवाची फुलं ही पोरगी संपवणार, असं आजी म्हणायची. पण रांगोळीने हात बसलेला होता. माझी रेघ थरथरत नसे.

आजोबांना फुलं चालत होती, बेडूक चालणार नव्हता. परक्या मुलांच्या शेजारी बसून आपली नात जीव चिरणार नाही, हे त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि आमच्या घरी त्यांचं एकदा सांगणं पुरे असे. वडील दौऱ्यावर होते, तेव्हा कॉलेजात मला घेऊन जायला नेमके आजोबाच आले, बेडकाला नाही म्हणायच्या तयारीने.

प्रोफेसरांनी मला जास्वंदीचा उभा छेद काढायला लावला. मी न खोडता काढला. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला, मग आजोबांकडे वळले. प्रोफेसर बनारसकडचे, हिंदी अगदी शुद्ध.

"मेंढक भी चीरने होंगे, लड़कों के साथ. आपको कोई आपत्ति?"

आजोबांची सारी नोकरी संस्थानाच्या कचेरीत झालेली. तिथल्या हिंदीत हरकतीला ऐतराज म्हणत. आपत्ती त्यांना मराठीतलीच ठाऊक, म्हणजे संकट. नातीला कुणी संकट म्हणतंय, एवढंच त्यांना ऐकू आलं. बेडूक बाजूलाच राहिला. ते ताठ उभे राहिले.

"आपत्ति काहे की, साहब? ये लड़की हमारे घर की शान है."

साहेबांनी प्रवेशाच्या अर्जावर सही केली.

परतताना टांग्यात मी भीतभीत आपत्तीचा हिंदी अर्थ सांगितला: हरकत. कृष्णपुऱ्याचा पूल आला. आजोबा म्हणाले, "ऐतराज तर होताच माझा. पण घरची शान असं म्हणून बसलो. आता चिर."

पहिला बेडूक चिरून आले, त्या दिवशी आजीने मागच्या दारातच थांबवलं. आंघोळीशिवाय आत यायचं नाही. गरम पाण्याची बादली आजोबांनी स्वतः आणून ठेवली.

"रेघ सरळ आली?" त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं.