स्पीकरमधले सर

मिटिंग रूममधल्या एसीचा कुबट वास आला की मला कात्रजच्या ऑफिसातला तो पहिला आठवडा आठवतो. तालुक्याच्या कॉलेजातून आलेली, घरातली पहिली पदवीधर मी, गाड्यांच्या विम्याचे दावे तपासायला शिकत होते. शुक्रवारच्या परीक्षेत नापास झाले असते तर नोकरी गेली असती. तिथे सगळे एकत्र बसूनच शिकत. जेवणानंतर पडदे ओढायचे, स्क्रीनवर कागदपत्रं सरकायची आणि स्पीकरमधून एक सर शांतपणे समजावून सांगायचे. मध्येच ते थांबत, आणि जुनी मंडळी एका सुरात “हो सर” म्हणत. मी मात्र एका ठिकाणी अडले होते. शेजारच्या मॅडम मिस्कीलपणे म्हणाल्या, “विचारा की, चावत नाहीत ते.” सर पुन्हा थांबले तेव्हा मी धीर करून विचारलं, “सर, फोटो अपघाताच्या आधीचा निघाला तर?” स्पीकरमधून उत्तर आलं, “आधी फोटोची तारीख बघा. घाबरू नका, इथे सगळेच अडतात.” मी पास झाले. पेढे घेऊन सरांचं टेबल विचारलं, तेव्हा त्याच मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, ते रेकॉर्डिंग आहे. सर वारून दोन वर्षं झाली. आम्हाला ‘हो सर’ म्हणायची सवय राहिली, इतकंच.” गेल्या आठवड्यात नव्या मुलांसाठी मी माझा पहिला धडा रेकॉर्ड केला. अपघाताआधीच्या फोटोपाशी आल्यावर मी बोलायची थांबले. रिकाम्या खोलीत जणू कोणीतरी प्रश्न विचारतंय, तो विचारून संपेपर्यंत वाट पाहिली, आणि मग उत्तर दिलं.