बी विंगमधलं हिरवं लुगडं

इमारती ओळखायची मला खोड आहे. जन्म चित्रकला शिकवण्यात गेला, त्यामुळे रस्त्याने चालताना मान वरच. त्यापायी ठेचकाळून पडलेयसुद्धा. गिरगावात लाकडी खांब, नक्षीचे कठडे आणि वर कौलं दिसली की समजावं, ही जुनी चाळ. दादरला गोलाईच्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, जिन्याच्या जाळीत उगवता सूर्य आणि दर्शनी भिंतीवर सिमेंटात उठवलेलं इमारतीचं नाव. परळच्या कामगारांच्या चाळींना नक्षीबिक्षी नाही. सरळ भिंती, सिमेंटच्या जाळ्या, कामापुरतं काम.

आणि हे टॉवर! खाली गाड्यांचे मजले, वर नुसती काच. लोअर परळचा कुठला आणि लालबागचा कुठला, मलाही सांगता येत नाही. मग आमची आई काय ओळखणार, कप्पाळ?

लालबागची आमची चाळ चौकाभोवती होती. समोरच्या गॅलरीत मावशी राहायची. सख्खी नव्हे, पण सख्खीच्या वरताण. मालवणची, एकटी, मुलगा आखातात. चाळीत दार उजाडल्यावर उघडायचं ते रात्रीच लावायचं. कुणाचं दार सकाळी बंद दिसलं की अख्खा मजला त्यावर थापा मारत उभा. मावशी दार उघडताच चौकापलीकडून ओरडायची, "गो बाय, उठलंस काय?" आई म्हणायची, "उठले गो, मरत नाही इतक्यात!" मग दोघी चुलीकडे वळायच्या. म्हणजे गॅसकडे, पण आई चूलच म्हणायची.

चाळ पाडली. चिठ्ठ्या टाकून टॉवरमध्ये घरं वाटली. आम्हाला ए विंग, मावशीला बी. समोरासमोर, पण मध्ये एवढी मोठी पोकळी, आणि पलीकडे सगळ्या खिडक्या एकसारख्या. आई पहिले काही दिवस खिडकीत उभी राहून रडली. "यातली तिची कुठली गो?" मी बोट दाखवायचे, आणि वळून पाहिलं की माझाही मजला चुकायचा.

तोड मावशीनेच काढली. उठल्याबरोबर तिने आपलं हिरवं लुगडं खिडकीच्या गजाला बांधायचं, आईने आपला भगवा टॉवेल. मावशीला ऐकू कमी यायचं, फोन तिच्या काही कामाचा नव्हता. पण डोळे घारीचे. हिरवं दिसलं की आई म्हणायची, "उठली बया." मगच चहा.

मग सोसायटीची नोटीस लागली. रस्त्यावरून एलेव्हेशन खराब दिसतं, खिडकीबाहेर कपडे वाळत घालू नयेत. एलेव्हेशन म्हणे, म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू! आई मावशीला घेऊन, गुडघे धरत मीटिंगला गेली. म्हणाली, "अहो, ते वाळत घातलेलं नाही. ती आमची खूण आहे." सेक्रेटरी हसला. "आजी, आता मोबाईल आहेत ना!" सगळे हसले. मावशीला काही ऐकूच आलं नाही. सगळे हसतायत म्हणून तीही हसली.

दोघींनी खुणा काढल्या. भाड्याच्या खोलीत जन्म गेलेल्या बायका, नोटिशीला भिणाऱ्या. मग संध्याकाळी खालच्या बाकावर भेटायच्या. एका संध्याकाळी मावशी आली नाही. आई म्हणाली, गुडघे धरले असतील. सकाळी खिडकीत उभी राहिली, पण बघायला होतं काय? दुसऱ्या संध्याकाळीही बाक रिकामा, तेव्हा आम्ही बी विंगमध्ये गेलो.

दार बंद. कडीला आदल्या दिवशीची दुधाची पिशवी, तिच्यावर आजची. त्या मजल्यावरची सगळीच दारं बंद; मावशीचं बंद आहे हे कुणाच्या लक्षात यावं? वॉचमनने कुलूप तोडलं. मावशी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली होती. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जीव होता. लगेच कुणाला कळतं, तर वाचल्या असत्या.

आई रडली नाही. तिने फक्त विचारलं, "हाका मारल्या असतील का गो तिने?"

मुलगा आला, दिवस केले, आईचा हात धरून हुंदके देऊन रडला आणि परत गेला. त्यानंतरच्या सकाळी मी चहा ठेवायला उठले, तर आई खिडकीत उभी. भगवा टॉवेल गजाला घट्ट बांधत होती. समोर बी विंगची काच, सगळी सारखी. मी तिला अडवलं नाही.

थोड्या वेळाने इंटरकॉम वाजला. वॉचमन चाचरत होता, "मॅडम, तो टॉवेल... वरून फोन आला होता."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, आई उठली आहे."