दिवसभराची माणसं
बंगळूरच्या कॉटनपेटेतल्या गिरणीने एक पाळी बंद केली आणि त्या गल्लीचे हाल सुरू झाले. बासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. मथुरेचा नवरा के. आर. पुरमला मालगाड्यांवर हमाली करू लागला, मथुरा उदबत्तीच्या कारखान्यात जाऊ लागली. घरी उरला तिचा सासरा विठोजी, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेला.

शेजारी सकवारबाई राहायची. विधवा, पोटी मूल नाही, शिवणावर गुजराण. एका दुपारी भिंतीपलीकडे काहीतरी पडलं म्हणून ती गेली, तर दाराला बाहेरून कडी. तिने ती काढली. आत म्हातारा जमिनीवर, धोतर ओलं. तिला पाहून त्याने तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिने मथुरेला सुनावलं, "गुरालाही कुणी असं कोंडत नाही गं."

मथुरा उंबऱ्यावरच बसली. "मी घरी बसले तर मामंजींच्या ताटात काय वाढू, अक्का? तुम्हीच सांगा."

रात्रभर सकवारबाईला स्वतःचेच शब्द झोंबत राहिले. सकाळी ती आपणहून गेली. "मामंजींना माझ्या ओसरीवर आणून ठेव. मशीन चालवता चालवता बघते."

मग एक आंधळी म्हातारी आली, फिट येणारी एक मुलगी आली. कुणी नाचणीचं पीठ देई, कुणी लाकूडफाटा. काहींकडे तेही नसे. शिवण मागे पडलं. ओसरी भरली तेव्हा एका बाईला तिने नाही म्हटलं. त्या बाईने आईला मारुतीच्या पायरीवर बसवलं आणि ती कामाला गेली. संध्याकाळी म्हातारी तापाने फणफणली होती.

सकवारबाई तडक तिथल्या मराठी समाजाच्या मंगल कार्यालयाचे कारभारी येसाजीराव यांच्याकडे जागा मागायला गेली.

"लग्नाच्या जागेत आजारी माणसं कशी ठेवायची, अक्का?"

"लग्न असेल त्या दिवशी उचलून नेऊ. एरवी तिथं कबुतरंच असतात, अण्णा."

येसाजीरावांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. "सरी, ठीक आहे. मागचा सोपा घ्या. स्वयंपाकघराला मात्र हात लावायचा नाही."

सोप्यात मशीन गेलं, माणसं गेली. सुट्टीच्या दिवशी मथुरा आणि इतर बायका आळीपाळीने येऊन सारवण, धुणं करू लागल्या. विठोजी डाव्या हाताने आंधळ्या म्हातारीला आंबील भरवायचा. अर्धी सांडायची, पण दोघं हसायची. तो गेला तोही तिथेच, माणसांत.

लोक सकवारबाईला पुण्यवान म्हणत. ती ऐकून घेई. सोपाही पुढे अपुरा पडू लागला होता, आणि जागा नाही म्हणून परत पाठवलेल्यांच्या घरची माणसं तिला बाजारात भेटत. ती त्यांना थांबवून विचारायची, "घरी आता त्यांच्याकडे कोण बघतं?"